खोलीत कोण होतं

किलकेनीच्या त्या पाळणाघरात सुलेखा बोकारे बटाटे कुस्करायची, गाजरं उकडायची, बशा धुवायची आणि उरलेल्या वेळात काचेतून मुलांकडे बघायची. जेवण पोचवायला, सांडलेलं पुसायला ती खोलीत जाऊ शकत होती. पण मुलांपाशी एकटीनं थांबायचं नाही, त्यांना सांभाळणाऱ्यांमध्ये तिला मोजायचं नाही, हा नियम होता. आयर्लंडमध्ये पाळणाघरात मुलांबरोबर काम करायचं तर ‘लेव्हल फाइव्ह’चा कागद लागतो. म्हणजे शाळा संपल्यावर करायचा बालसंगोपनाचा कोर्स. नाहीतर तुमचं परदेशातलं शिक्षण त्याच्या तोडीचं आहे असं सरकारी खात्याचं पत्र तरी हवं. सुलेखाकडे दोन्ही नव्हतं. तिच्याकडे नागपूरचा एक वर्षाचा मॉन्टेसरी डिप्लोमा होता आणि बारा वर्षं बालवाडी चालवल्याचा अनुभव. अनुभवाला अर्जात रकानाच नव्हता.

अर्ज तिनं २०२०च्या उन्हाळ्यात केला होता. सप्टेंबरात खात्याचा प्रश्न आला. डिप्लोमावरची बाई आहे विजयालक्ष्मी गुरुनाथ देशकर आणि पासपोर्टवरची सुलेखा अंबरीश बोकारे. या दोघी एकच आहेत याचा पुरावा काय?

सासूबाईंना विजयालक्ष्मी हे नाव फार लांबलचक वाटलं होतं. लग्नात ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीनं ‘सुलेखा’ लिहिलं गेलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, झालं. राजपत्रात नाव छापून आणायचं तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आता हे डब्लिनमधल्या अधिकाऱ्याला ईमेलमधून कसं समजावायचं? “तांदळावर लिहिलं होतं” असं लिहून तिनं ते तीनदा खोडलं. शेवटी नागपूरला धाकट्या भावाला, मोहनला, फोन केला. डिप्लोमा देणारी संस्था बंद पडलेली. तिचे जुने कारकून प्रकाशराव यांच्या घरी रजिस्टरं होती, पण ते स्वतः कोविडनं आजारी. मोहन बिचारा दोन महिने मास्क लावून हेलपाटे घालत राहिला. “ताई, प्रतिज्ञापत्र झालं, रजिस्टरातल्या पानाची नक्कल पण मिळाली,” असं त्यानं सांगितलं तेव्हा नाताळ आला होता. कागद गेले. मग पुन्हा वाट बघणं सुरू झालं.

जानेवारीत देशभर पुन्हा कडक निर्बंध लागले. त्यांचंही नाव लेव्हल फाइव्हच. तिची तेरा वर्षांची मुलगी रेवा हसली होती, “मम, होल कंट्रीला लेव्हल फाइव्ह मिळालं, एक्सेप्ट यू.” सुलेखाही हसली, पण ते तिला लागलं.

पाळणाघर आता फक्त नर्स, डॉक्टर, दुकानदार अशांच्या मुलांसाठी उघडं होतं. एकेक कर्मचारी घरी अडकत होती. आणि मग तो मंगळवार आला.

सकाळी साडेअकराच्या सुमाराला लहान मुलांच्या खोलीतल्या दोघींपैकी एकीला फोन आला की तिच्या घरात राहणारी मैत्रीण पॉझिटिव्ह निघाली. तिनं कोट उचलला आणि ती तडक बाहेर पडली. खोलीत आठ मुलं आणि वीस वर्षांची एमा एकटी. नियमानं दोघी हव्यात. ग्रॉनिया, म्हणजे पाळणाघराची मालकीण, पंचावन्नची, एरवी कशानंही न डगमगणारी बाई, हातात फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली.

“सुलेखा, बदली माणूस मिळेपर्यंत आत उभी राहा. दहा मिनिटं. एमा आहेच तिथे.”

“पण माझं पत्र…”

“ठाऊक आहे मला. दहा मिनिटं.”

सुलेखानं ॲप्रनला हात पुसले आणि ती आत गेली. आपण नियम मोडतोय हे तिला कळत होतं, पण खोटं कशाला बोला, आनंदही झाला होता. दीड वर्षात पहिल्यांदा ती त्या खोलीत भांडी न घेता उभी होती.

दोनच मिनिटांत एका मुलीचा लंगोट बदलायला एमा शेजारच्या छोट्या खोलीत गेली. दार उघडं होतं, पण तिची पाठ इकडे होती. सुलेखा जमिनीवर बसली. अडीच वर्षांचा ऑशीन ठोकळ्यांचा पूल करत होता. त्याची आई कीवा अतिदक्षता विभागात नर्स होती, त्यामुळे तो रोज सर्वांत आधी यायचा आणि सर्वांत शेवटी जायचा. सकाळपासून तो जरा मलूल होता, पण दारातल्या तपासणीत ताप निघाला नव्हता.

त्याच्या डाव्या हातातला ठोकळा थरथरायला लागला. सुलेखाला वाटलं, तो गंमत करतोय. मग ठोकळा पडला तरी हात तसाच हिसके देत राहिला. फक्त डावा हात. ऑशीन तिच्याकडे बघत होता, पण त्याच्या नजरेत ती नव्हती. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा बेचाळीस. बालवाडीत तिनं दोनदा आकडी पाहिली होती, आणि दोन्ही वेळा मागून सगळ्यांनी एकच विचारलं होतं, किती वेळ चाललं?

“एमा!” ती ओरडली. “ग्रॉनियाला सांग, ॲम्ब्युलन्स!”

मिनिटभरानं सगळं अंग ताठ झालं. तिनं त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली हात घातला, आजूबाजूचे ठोकळे पायानं दूर लोटले. कपाळ तव्यासारखं तापलं होतं. एमा दारात आली ती हातमोजे घातलेलीच, कडेवर अर्धवट कपड्यातली मुलगी, चेहरा पांढराफटक. बाकीची मुलं एका कोपऱ्यात गोळा झाली. सुलेखा ऑशीनशी मराठीत बोलत होती हे तिला नंतर एमानं सांगितलं. “झालं हं राजा, झालं, झालं.”

अकरा सत्तेचाळीसला तो सैल पडला आणि रडला. ॲम्ब्युलन्स आली, कीवा हॉस्पिटलमध्येच होती, तिला तिथे कळवलं गेलं.

दुपारी ग्रॉनिया ऑफिसात घटनेचा फॉर्म भरायला बसली, त्याची एक प्रत हॉस्पिटललाही जायची होती. समोर एमा आणि सुलेखा. ‘घटनेच्या वेळी खोलीत कोण होतं?’ या प्रश्नापाशी ग्रॉनियाचं पेन थांबलं.

“दार उघडं होतं,” ती म्हणाली. “एमा पाच पावलांवर होती. एमा खोलीतच होती म्हणायला हरकत नाही. एमा आणि मी.”

एमा बाहीचा धागा ओढत बसली.

“तुझा अर्ज खात्यात पडलाय, सुलेखा. त्यात हे तुझ्या नावावर नको. आणि सरकारी तपासणीत अडकून हे पाळणाघर बंद पडलं तर या नर्सांनी मुलं कुठे ठेवायची? सांग ना.” तिनं पेनचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. “तू छान केलंस सगळं. मूल ठीक आहे. तेच महत्त्वाचं, नाही का?”

सुलेखानं मान हलवली. काय झालं त्या रकान्यात एमानं लिहिलं की सर्व अंगाला झटके, दोन ते तीन मिनिटं. एमानं जेवढं पाहिलं होतं तेवढंच तिनं लिहिलं. सुलेखानं ते उलट्या बाजूनं वाचलं आणि ती भांडी घासायला निघून गेली.

संध्याकाळी अंबरीश घरी आला. ऑशीनला नेलं त्याच जनरल हॉस्पिटलात तो भूल देणारा डॉक्टर होता, सहा-सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर. आंघोळ करून ताटावर बसेपर्यंत सुलेखानं दम धरला आणि मग सगळं सांगून टाकलं.

“तू आत गेलीसच कशाला?” तो म्हणाला. “नाही म्हणायचं होतंस.”

“त्यांच्याकडे माणूस नव्हतं हो.”

“तो त्यांचा प्रश्न. इथे कागदावर चालतं सगळं. उद्या कुणी म्हणालं की विनापरवाना बाईच्या हातात मूल दिलं आणि त्याला फिट आली, मग? माझं कॉन्ट्रॅक्ट जुलैत संपतंय, सुलेखा.” त्यानं पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. “जाऊ दे. तापातली आकडी असणार. या वयात येते. बरा होईल तो.”

“पण आधी नुसता हातच हलत होता. मला वाटलं खेळतोय.”

“कुठला हात?”

“डावा. मिनिटभर नुसता डावा हात. मग सगळं अंग.”

अंबरीशनं वर पाहिलं. घरी आल्यापासून तो नवरा म्हणून बोलत होता, आता त्याचा चेहराच बदलला. “नक्की? एकाच बाजूनं सुरू झालं? आणि एकंदर किती वेळ?”

“बेचाळीसला सुरू, सत्तेचाळीसला थांबलं. मी घड्याळ बघत होते.”

“फॉर्मवर काय लिहिलंय?”

तिनं सांगितलं. त्यानं ताट बाजूला सारलं.

“साधी तापातली आकडी दोन्ही बाजूंना एकदम येते,” तो सावकाश म्हणाला. “एका बाजूनं सुरू झाली तर ती वेगळी धरतात, मेंदूची तपासणी करतात. कदाचित काही निघणार नाही. पण हे त्यांना कळायलाच हवं. फॉर्म वाचून ते त्याला उद्या घरी सोडतील.”

“तुम्ही सांगा ना वॉर्डात. माझं नाव न घेता.”

“मग विचारतील, डॉक्टर, तुम्ही तिथे होतात का? तुम्हाला कुणी सांगितलं?”

वरणावर साय धरली. रेवा जिन्यात येऊन उभी राहिली होती, दोघांचे चेहरे पाहून ती परत वर गेली. सुलेखाच्या डोळ्यांसमोर खात्यातला तो न पाहिलेला अधिकारी आला. टेबलावर तिची फाइल, विजयालक्ष्मी आणि सुलेखा अशा दोन्ही नावांची, आणि तिच्यावर आता तिसरा कागद. नियम मोडणारी. मोहनचे दोन महिन्यांचे हेलपाटे, प्रकाशरावांनी तापात शोधून दिलेलं पान, सगळं पाण्यात. आणि त्याच वेळी तो ठोकळाही डोळ्यांपुढून हलेना.

“तुम्हाला त्रास झाला तर?” तिनं विचारलं.

“झाला तर बघू,” अंबरीश म्हणाला. पण त्याचा आवाज काही बघू म्हणणाऱ्याचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कीवा ऑशीनची पिशवी न्यायला आली. कुणाला आत यायची परवानगी नव्हती, म्हणून फाटकापाशीच उभी राहिली. मास्कवरचे तिचे डोळे सुजले होते. तिनं एमासाठी केक आणला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुलेखाला शब्द ऐकू येत होते. “सकाळीच घरी सोडलं. साधी तापातली आकडी म्हणाले. एमा, तू नसतीस तर…” एमाचे कान लाल झाले. तिनं केक घेतला आणि जमिनीकडे पाहत काहीतरी पुटपुटली.

कीवा गाडीकडे वळली. सुलेखाच्या हातात सोललेलं गाजर होतं. ते तिनं कधी ठेवलं, दार कधी उघडलं, तिला आठवत नाही. कोट न घालता, ॲप्रनवरच ती जानेवारीच्या गारठ्यात धावत गेली.

“एक मिनिट! ऑशीनबद्दल सांगायचंय.”

कीवानं वळून पाहिलं. “तुम्ही?”

“मी स्वयंपाकघरात काम करते. काल खोलीत मी होते. एमा शेजारी होती. मी पाहिलं.” रात्रभर जुळवलेली वाक्यं एकदम निसटली, उरलं तेवढं ती बोलली. “आधी फक्त डावा हात. एक मिनिट. मग सगळं अंग. एकूण पाच मिनिटं. फॉर्मवर हे नाही.”

कीवाच्या हातातली पिशवी खाली आली. मग तिनं नर्ससारखे एकामागून एक प्रश्न विचारले. डोळे कुठे वळले होते? तोंड वाकडं झालं? नंतर डावा हात उचलत होता का? सुलेखा उत्तरं देत गेली. शेवटी कीवानं फोन काढला, हॉस्पिटलचा नंबर लावला, आणि लागेपर्यंत सुलेखाकडे रोखून पाहत म्हणाली, “हे मला काल का नाही सांगितलंत?”

 “सॉरी,” सुलेखा म्हणाली.

कीवा फोनवर बोलत गाडीत बसली आणि निघून गेली.

ग्रॉनिया दारातच उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. “आधी मला सांगायचं होतंस,” ती म्हणाली.

“हो. सांगायला हवं होतं. पण तू थांबवलं असतंस तर मी थांबले असते.”

ग्रॉनिया आपल्या खुर्चीत जाऊन बसली. बराच वेळ ती नुसती मास्कची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. मग तिनं तो फॉर्म काढला, एमाच्या आणि स्वतःच्या नावावर रेघ मारून सुलेखाचं नाव लिहिलं, खाली सही केली आणि तपासणी कार्यालयाला स्वतःच फोन लावला. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाली, “चौकशी होईपर्यंत घरी राहा. आत्ता मला तुझ्याशी नीट बोलता येणार नाही.”

पुढचे चार-पाच आठवडे सुलेखानं घरात कसे काढले ते तिचं तिला माहीत. पोस्टमनची सायकल दिसली की ती खिडकीतून बाजूला व्हायची. दारावर थाप पडली की वाटायचं, पोलिस. अंबरीश ड्यूटीवरून आला की ती आधी त्याचा चेहरा वाचायची, कुणी काही बोललं का? कुणी काही बोललं नव्हतं. तो न विचारताच मान हलवून ‘नाही’ सांगायला शिकला. डब्यातले लाडू संपले तरी नवे झाले नाहीत. रेवा शाळेचे तास लॅपटॉपवर करता करता मध्येच खाली यायची आणि तिला चहा करून द्यायची. “इट्स ग्रँड, मम,” म्हणायची, म्हणजे सगळं ठीक आहे, आणि ते ग्रँड नाही हे दोघींनाही कळायचं.

तपासणी अधिकारी बाईंनी तिला व्हिडिओवर बोलावलं. शांत आवाजाची, चष्मा कपाळावर ठेवलेली बाई.

“तुम्हाला त्या खोलीत थांबायची परवानगी नाही हे तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत होतं.”

“तरी थांबलात.”

“हो. मुलं आठ होती.”

बाईंनी काही लिहून घेतलं. “आणि आकडी आल्यावर काय केलंत ते क्रमानं सांगा.”

सुलेखानं सांगितलं. बाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, “धन्यवाद. हे सगळं नोंदलं जाईल.” चांगलं म्हणून की वाईट म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि सुलेखाची विचारायची छाती झाली नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस ग्रॉनियाला लेखी ताकीद मिळाली. खोटी नोंद केल्याबद्दल कडक शब्द होते, बदली माणसांची यादी तयार ठेवण्याचा आदेश होता. पाळणाघर बंद झालं नाही. सुलेखाला पुन्हा स्वयंपाकघरात घेतलं गेलं. एमा पहिल्याच दिवशी तिच्यापाशी येऊन रडली. ग्रॉनिया मात्र कामापुरतंच बोलायची.

ऑशीनला डब्लिनच्या तज्ज्ञांकडे नेलं होतं. मेंदूच्या तपासणीत थोडं काही सापडलं आणि रोज दोन वेळचं औषध सुरू झालं. हे कीवानं एमाच्या फोनवर कळवलं. “स्वयंपाकघरातल्या बाईंना सांग,” एवढं शेवटी होतं. आभार नव्हते. सुलेखानं तो निरोप चार वेळा वाचायला मागितला.

खात्याचं पत्र एप्रिलमध्ये आलं. तिनं ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि अंबरीश येईपर्यंत उघडलं नाही. विजयालक्ष्मी देशकर आणि सुलेखा बोकारे एकच, हे खात्यानं मान्य केलं होतं. पाळणाघरातल्या घटनेचा पत्रात चकार शब्द नव्हता. पण डिप्लोमा एकाच वर्षाचा होता आणि त्यात प्रत्यक्ष कामाच्या तासांची नोंद नव्हती, म्हणून तो लेव्हल फाइव्हच्या तोडीचा धरता येत नाही. कळावे.

म्हणजे ज्याला ती तीन महिने घाबरत होती ते घडलंच नव्हतं, आणि ज्याची खात्री धरली होती तेच हातचं गेलं. तिला हसू आलं आणि हसता हसता रडू. अंबरीशनं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि किचनमधल्या प्रेसमध्ये, इकडे कपाटाला तसंच म्हणतात, चहाच्या डब्यामागे ठेवून दिलं.

“कोर्स कर ना मग,” तो म्हणाला.

“त्रेचाळीसाव्या वर्षी? अठरा वर्षांच्या पोरींबरोबर?”

“मम,” रेवा म्हणाली, “दे’ल बी टेरिफाइड ऑफ यू.”

सप्टेंबरात तिनं प्रवेश घेतला. पोरी तिला घाबरल्या वगैरे नाहीत, उलट पहिल्याच आठवड्यात तिच्या वह्या मागायला लागल्या. घाबरत होती ती सुलेखाच.  ‘बालकाचं निरीक्षण’ या विषयावर दोन पानं लिहायला तिला तीन रविवार लागले. अंबरीशचं कॉन्ट्रॅक्ट आणखी सहा महिने वाढलं होतं, त्यापुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

कोर्समध्ये पाळणाघरात प्रत्यक्ष काम करायचे तास होते. कुठे करायचे या विवंचनेत ती असताना ग्रॉनियाच स्वयंपाकघरात आली आणि तिनं टेबलावर एक फॉर्म ठेवला, सही केलेला. “विद्यार्थी म्हणून,” ती म्हणाली. “मोजणीत धरणार नाही. एमाच्या हाताखाली.” आणि जाता जाता, “मला तुझा राग यायचा थांबलाय असं नाही. पण तू इथेच कर.”

ऑक्टोबरच्या एका सोमवारी सुलेखा गळ्यात ‘विद्यार्थी’ असा बिल्ला घालून खोलीत गेली. दारात एक बाबा दोन वर्षांच्या मुलीला घेऊन उभा होता. मुलीचा पहिला दिवस होता, ती त्याच्या कॉलरला लटकून रडत होती.

“तुम्हीच टीचर ना?” त्यानं विचारलं. तिचे अर्धे केस पिकलेले, त्याला तसं वाटणं साहजिक होतं.

“नाही, मी शिकतेय. टीचर ती,” सुलेखानं एमाकडे बोट दाखवलं.

एमा आली. मुलगी एमाकडेही जाईना. एमानं तिला गालिच्यावर बसवलं, चित्रांचं पुस्तक दिलं, खेळणं दिलं. रडणं थांबेना. मग एमा सुलेखाला म्हणाली, “तू बस जरा तिच्याजवळ.”

सुलेखा हातभर अंतर ठेवून बसली. काही बोलली नाही, पुस्तकाची पानं आपली आपणच उलटत राहिली. दहा मिनिटांनी मुलगी सरकत जवळ आली. अर्ध्या तासानं तिच्या मांडीवर डोकं टेकून हुंदके देत झोपून गेली. एमा कोपऱ्यात उभी राहून निरीक्षणाच्या वहीत काहीतरी लिहीत होती. काय लिहितेय, ते सुलेखाला तिथून दिसत नव्हतं. मांडीला मुंग्या आल्या, मग पाऊल बधिर झालं. मुलगी जागी होईल म्हणून ती तशीच बसून राहिली.